आधीच भांडून घेऊ

सांगलीत जुलै लागला की बोलायला सुरुवात करायची रीत बदलते. भाजीवाली असो, रिक्षावाला असो, दवाखान्यातली नर्स असो, पहिला प्रश्न एकच : "आयर्विनला किती?" उत्तरही एका आकड्यात. बत्तीस म्हटलं तर समोरचा मान हलवतो आणि मेथीची जुडी निवडायला लागतो. अडतीस म्हटलं तर जरा थांबतो. बेचाळीस म्हटलं तर मेथी तिथेच राहते आणि माणूस घराकडे वळतो.

आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा आमचा १९२९ सालचा पूल. तिथली पाणीपातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. २००५ साली पाणी ५४ च्या आतबाहेर होतं, २०१९ साली ५७ च्या वर गेलं, २०२१ साली पुन्हा ५४-५५ ला टेकलं. हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. त्याला बापाचा मोबाइल नंबर कदाचित सांगता येणार नाही.

एवढं सगळं पाठ असूनही माणसं अडकतात. हे कोडं मला बरीच वर्षं छळतंय, आणि यंदा पाडव्याला आम्ही घरात बसून जे काही ठरवलं (खरं म्हणजे ज्यावरून भांडलो) ते या कोड्यापायीच.

कारण आमचा पूर सांगून येतो. किल्लारीच्या लोकांना ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कुणी काही सांगितलं नव्हतं. गणपती बोळवून लोक झोपले होते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणकरांनी डोळे उघडले तेव्हा वाशिष्ठी जिन्यापाशी आली होती. आमचं तसं नाही. आमच्या पुराची बातमी आधी महाबळेश्वर-नवजाच्या पावसात असते, मग कोयना धरणाच्या साठ्यात. 'पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक विसर्ग सुरू' हे वाक्य आलं की सावध व्हायचं. सहा वक्र दरवाजे उचलल्याची बातमी आली की ते किती फुटांनी उचलले ते विचारायचं. तिथून निघालेल्या पाण्याला सांगलीत यायला साधारण दिवस-दीड दिवस लागतो. वाटेत नाले-ओढे मिळतात, पुढे हरिपूरला वारणा येऊन मिळते, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिन्ही नद्या एकदम भरल्या की पाण्याला पुढे सरकायला जागा उरत नाही आणि फुगवटा मागे येतो. म्हणजे ऊन पडलंय, शहरात पावसाचा थेंब नाही, आणि पाणी चढतंय, असं दृश्य आम्ही पाहिलेलं आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याचा त्यावर विश्वास बसत नाही.

तर दिवस-दीड दिवस हाताशी असतो. तो जातो कुठे?

तो भांडणात जातो, असं माझं स्पष्ट मत झालंय.

आमच्या बोळात जवळजवळ प्रत्येक भिंतीवर एक रेघ आहे. कुणी निळ्या ऑइलपेंटनं ओढलेली, कुणी नुसती कोळशानं, आणि जिथं कुणीच ओढली नाही तिथं गाळानं आपली आपण ओढलेली. २००५ ची रेघ. त्या रेघेनं २०१९ साली जेवढं नुकसान केलं तेवढं इतर कशानं केलं नसेल. घरोघरी एकच वाक्य : "मागच्या वेळी इथवरच आलं होतं." लोकांनी धान्य रेघेच्या वर ठेवलं, टीव्ही रेघेच्या वर, लग्नाचे अल्बम रेघेच्या वर, गाद्या रेघेच्या वर, आणि स्वतः माडीवर जाऊन बसले. पाणी रेघ ओलांडून हात-दीड हात वर गेलं. माळ्यावरच्या गाद्या तरंगल्या. आता लोकांच्या डोक्यात २०१९ ची रेघ आहे, आणि ५७ च्या वर पाणी जाऊच शकत नाही असं मला परवाच एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी ठणकावून सांगितलं.

या रेघेभोवती घरातले सगळे आपापली फौज घेऊन उभे राहतात. म्हाताऱ्यांचं म्हणणं, आम्ही एवढे पूर काढले, हाही काढू. दुकानदार म्हणतो, माल हलवायचा तर हमाल आणि टेम्पो लागणार, पाणी आलं नाही तर तो खर्च कुणाच्या डोक्यावर? घरातली बाई म्हणते, नणंदेकडे जायचं तर चार दिवस आधी कळवायला नको का? आणि एखादा तरुण मुलगा मोबाइलवर अलमट्टीचा, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या धरणाचा, विषय काढतो. अलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायची की नाही यावर आमच्याकडे कट्ट्यावर, लग्नात, अगदी तेराव्याच्या जेवणावळीतसुद्धा वाद होतात. तो वाद महत्त्वाचा आहेच, मी स्वतः त्यात हिरिरीनं भाग घेते. पण पाणी एकेचाळीसला असताना तो वाद घालणाऱ्याच्या हातात आजीची औषधांची पिशवी द्यावी आणि त्याला जिन्याखाली उभा करावा.

वाद मिटेपर्यंत रात्र होते. वीज जाते. सकाळी रस्त्यावर छातीइतकं पाणी, आणि मग बोटीची वाट बघत माडीच्या खिडकीत उभं राहणं. शेवटच्या क्षणी निघण्याची किंमत काय असते ते ब्रह्मनाळनं पाहिलं. कृष्णा-येरळेच्या संगमावरचं पलूस तालुक्यातलं ते गाव. ८ ऑगस्ट २०१९ ला गावाबाहेर निघालेली नाव उलटली, बायका-मुलं धरून डझनाहून जास्त माणसं गेली. नाव क्षमतेपेक्षा जास्त भरलेली होती. भरणारच. पुढची फेरी मिळेल की नाही याचा भरवसा कुणालाच नव्हता.

याच्या उलट चित्र बघायचं तर वाडीला जावं. नरसोबाच्या वाडीला पंचगंगा-कृष्णेच्या संगमावर दत्ताचं देऊळ आहे. पावसाळ्यात पाणी वाढत वाढत उत्तरेच्या दारानं आत शिरतं, पादुकांवरून जाऊन दक्षिण दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात, त्या पाण्यात स्नान करायला लोक लांबून येतात. पाणी आणखी चढलं की उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या देवळात नेतात. पूजा तिथे सुरू. माझ्यासारख्या अर्धवट श्रद्धाळू बाईला यात सगळ्यात काय आवडतं, तर तिथं कुणी "अजून थोडी वाट बघू" म्हणत नाही. पुजाऱ्यांची बैठक बसत नाही. पाणी कुठल्या पायरीला आलं की काय करायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. देव हलतो, आणि त्यात देवाला कमीपणा वाटत नाही. आमच्या आप्पांना मात्र विश्रामबागला आत्याबाईंकडे, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीकडे, जाऊन राहण्यात कमीपणा वाटतो.

म्हणून पाडव्याला गुढी उभारून, श्रीखंड-पुरी झाल्यावर, दुपारी मी सगळ्यांना बसवून घेतलं. आप्पा म्हणजे माझे सासरे. आई म्हणजे सासूबाई, त्यांना मधुमेह, दोन वेळा इन्सुलिन. माझे यजमान. भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, त्यांचं कापडाचं दुकान हरभट रोडवर, जिथं पाणी आलं की तागेच्या तागे भिजतात. आणि पुण्याहून सुट्टीला आलेली लेक. आप्पांनी नवं पंचांग उघडलेलंच होतं. त्यांच्या मते पहिला प्रश्न पुष्य आणि आश्लेषा नक्षत्रांच्या वाहनांचा. पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस, आश्लेषा म्हणजे आसळका. वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती निघालं तर पाऊस जोरात. मी हसले नाही. २०२१ चा पूर पुष्यात आला, २०१९ चा आश्लेषात. जुलैचा शेवट आणि ऑगस्टचा पहिला पंधरवडा हाच आमचा काळ, हे पंचांगवाल्यांना हवामान खात्याच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. वाहनाचं काय ते आप्पांनी बघावं, तारखा मात्र माझ्या कामाच्या होत्या. त्या पंधरवड्यात घरात मुंज नको, ऑपरेशन नको, काशीयात्रा नको, हे पहिल्यांदा ठरलं आणि त्यावर कुणीही भांडलं नाही.

बाकी प्रत्येक गोष्टीवर भांडण झालं, आणि ते व्हावं म्हणूनच मी बसवलं होतं. चैत्रात भांडायला वेळ असतो, पंखा चालू असतो, मध्ये चहा करता येतो.

माझी मागणी एकच. ४० आणि ४५ हे सरकारचे आकडे. आपल्या घराचे आकडे कोणते? कारण पूल एकच असला तरी पाणी सगळीकडे एकदम येत नाही. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, इनामदार प्लॉट इथल्या लोकांना इशारा पातळीच्या आसपासच घर सोडावं लागतं. विश्रामबागेतल्या माणसाला पूर टीव्हीवर दिसतो. आमच्या बोळाचं गणित या दोहोंच्या मधलं. ते गणित शहराच्या नकाशावरून मिळत नाही, ते शेजारच्या म्हातारीला विचारावं लागतं : आयर्विनला किती असताना तुमच्या उंबऱ्याला पाणी लागलं? आम्ही बोळातल्या चार-पाच घरांत विचारलं. सगळ्यांची उत्तरं फुटाच्या फरकानं जुळली. ही माहिती कुठल्याही अ‍ॅपवर नाही.

आणि एक गोष्ट त्या म्हातारीनंच सांगितली. पाणी दारातून येत नाही, आधी मोरीतून येतं. अगदी खरं. रस्ता कोरडा असतो, तुम्ही दाराशी वाळूची पोती रचून समाधानानं उभे असता, आणि मागे न्हाणीघराच्या भोकातून बुडबुडे यायला लागतात. पहिल्यांदा नुसता वास. मग जाळीखालून काळपट पाणी वर येतं, जरा थबकतं, परत खाली जातं, पुन्हा थोडं जास्त वर येतं. झुरळं आधी बाहेर पडतात, पाण्यापेक्षा त्यांना घाई. गटार नदीला जाऊन मिळतं, नदी चढली की गटार उलटं वाहणार, यात नवल काही नाही. त्यावर उपाय आहे, आणि तो फार महागही नाही : बाहेर जाणाऱ्या पाइपला एकाच बाजूला उघडणारी झडप. प्लंबर तिला 'एनआरव्ही' म्हणतो. वर्षाच्या यादीतलं पहिलं काम म्हणून ते लिहिलं. पाणी फार चढलं तर झडपेनं काही होणार नाही, पण घाण पाण्याऐवजी निदान नदीचं पाणी घरात येईल. हा फरक ज्यानं नंतर घर धुतलंय त्याला कळतो.

यादी म्हटलं की लेकीनं मोबाइलवर कुठली तरी परदेशी यादी काढली. डबाबंद सूप, बर्फात वापरायचं ब्लँकेट, शिट्टी. शिट्टी मी ठेवून घेतली, माडीवरून बोटवाल्याला हाक मारताना घसा बसतो. बाकी खाण्याच्या बाबतीत सांगलीकराला कुणी काही शिकवू नये. भडंग आहे. शिजवावं लागत नाही, वजनाला हलकं, महिनाभर टिकतं, म्हातारा-पोरगा दोघेही खातात. त्यासोबत शेंगदाण्याचे लाडू, गूळ, मेतकूट. बाळ असलेल्या घरात दुधाची पावडर हवीच, कारण पुरात पहिल्यांदा दूध तुटतं. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. ज्यांच्या घरात पाण्याचा थेंब शिरला नव्हता त्यांनाही दूध, पेट्रोल, भाजी मिळेना. पूर आपल्या दारात येण्याची गरज नसते, तो हायवेवर आला तरी पुरतो.

पिण्याच्या पाण्याचंही तसंच. चहूबाजूंनी पाणी आणि नळ कोरडा. नदीकाठची पाणी उपसायची जॅकवेल आणि पंप बुडाले की शहराचा पाणीपुरवठा बंद पडतो, ही आमच्याकडची नित्याची थट्टा आहे. माणशी दिवसाला तीन लिटर पिण्यासाठी आणि जुजबी स्वयंपाकासाठी, असा हिशेब आम्ही धरला, आठवड्याचा. झाकणाचे कॅन, माडीवर. भांडी धुवायचं पाणी वेगळं, आणि भांडीच कमी. पत्रावळींचा गठ्ठा यादीत आला तेव्हा आईंनी नाक मुरडलं, पण लिहू दिलं.

आता आईंचं इन्सुलिन. यावर मात्र कुणी वाद घातला नाही, सगळे गप्प ऐकत होते. डॉक्टरांना विचारून घेतलं होतं : न उघडलेलं फ्रिजमध्ये, पण वापरातलं पेन साधारण चार आठवडे बाहेर, सावलीत, थंड जागी चालतं. तेव्हा वीज गेली म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही. जास्तीचा साठा मात्र थंड राहायला हवा. कोरं मडकं, त्यात आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या डबीत इन्सुलिन, मडक्याभोवती ओलं फडकं. आमच्या पावसाळी हवेत ते उन्हाळ्याइतकं गार होत नाही, पण खोलीपेक्षा बरं. आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात महिनाभराची औषधं आणून ठेवायची, "संपली की आणू" म्हणायचं नाही. औषधांच्या दुकानांचे तळमजले इतरांसारखेच बुडतात.

कागदपत्रांची पत्र्याची पेटी आमच्या घरात आधीपासून होती, पण ती दिवाणाखाली. म्हणजे घरातल्या सगळ्यात खालच्या जागी. ती आता माडीवर गेली, आणि आतले कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती, बँकेचं पासबुक, घराचा उतारा. पंचनामा करायला तलाठी येतो तेव्हा हीच नावं घेतो. २०१९ ला शासनाचं सानुग्रह अनुदान ग्रामीण भागात दहा हजार आणि शहरात पंधरा हजार होतं. रक्कम हातात यायला कागद लागतात, आणि कागद पुरात भिजलेले असतात. लेकीनं एका दुपारात सगळ्यांचे फोटो काढून डिजिलॉकरमध्ये आणि मेलवर चढवले. मग मी तिला घराचाही व्हिडिओ काढायला लावला : प्रत्येक खोली, कपाट उघडून, फ्रिजची मागची पट्टी, शिलाई मशिनचा नंबर. आप्पा म्हणाले, हे काय चोराला दाखवायला? म्हटलं, विमा कंपनीला.

विम्याबद्दल जरा थांबून सांगते, कारण आमच्याकडे विमा म्हणजे एलआयसी, आणि घराचा विमा म्हणजे बँकेनं कर्ज देताना गळ्यात मारलेली कटकट, एवढंच ज्ञान. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना द्यावी लागते. त्यात पूर येतो, भूकंप येतो, आग येते. घराचा विमा काढला की आतल्या सामानाला घराच्या रकमेच्या वीस टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त दहा लाख, आपोआप संरक्षण मिळतं. दागिने वगैरे मौल्यवान वस्तूंचं वेगळं सांगावं लागतं. नदीकाठी राहणाऱ्या माणसानं मोबाइलचा विमा काढावा आणि घराचा नाही, हे मला समजत नाही. भाऊजींच्या दुकानाची पॉलिसी वेगळी. तिच्यात साठ्याची रक्कम जुनीच पडून होती, ती दिवाळीनंतरच्या मालाला धरून वाढवायची असं ठरलं.

गाडीचंही इथंच सांगून टाकते. पाण्यात बुडालेली गाडी, पाणी उतरलं की चावी फिरवून बघायचा मोह होतो. फिरवायची नाही. इंजिनात पाणी असताना ते सुरू केलं की कनेक्टिंग रॉड वाकतात, आणि इंजिन संरक्षणाची जादा जोड घेतलेली नसेल तर हा खर्च विमा कंपनी बहुधा देत नाही. गाडी टो करून न्यायची. त्याहून सोपं म्हणजे गाडी आधीच उंचावर लावायची. आता कुठल्या उंचावर, तर तिथेही सगळं शहर गाड्या घेऊन येतं. आम्ही नणंदेच्या सोसायटीत एक जागा बोलून ठेवली.

गॅस सिलिंडरची गोष्ट मला स्वतःला पटायला वेळ लागला. रिकामा तरंगतो हे कुणालाही कळतं. भरलेलाही तरंगतो. भरल्या सिलिंडरचं वजन तीसएक किलो, पण तो त्याहून जास्त पाणी बाजूला सारतो. पुरात लाल सिलिंडर बोळातून वाहत जाताना लोकांनी पाहिलेत. रेग्युलेटर काढून, दोरीला बांधलेलं ते प्लॅस्टिकचं टोपण व्हॉल्व्हवर घट्ट बसवायचं, आणि सिलिंडर उभा, साखळीनं खिडकीच्या गजाला. टोपण आमच्या घरात सापडलं नाही. गॅस एजन्सीतून मागवायचं, यादीत लिहिलं.

मेन स्विच कुणी पाडायचा यावरही पाच मिनिटं गेली. मीटर तळमजल्यावर, जिन्याखाली. पायाखाली ओल असताना तिथं हात घालायचा नाही, म्हणजे पाणी उंबऱ्याला लागायच्या आधीच तो पडायला हवा. यजमानांचं म्हणणं, फ्रिज शेवटपर्यंत चालू ठेवू. फ्रिजमध्ये काय आहे, तर पाडव्याचं उरलेलं श्रीखंड. मुद्दा निकालात निघाला. मीटर वर सरकवून घ्यायचा अर्ज मात्र यंदा द्यायचाच. इन्व्हर्टरची बॅटरी दोघांनी उचलायची वस्तू आहे, ती जूनमध्येच लोखंडी घोडीवर चढवून ठेवायची.

माणसांचा प्रश्न सामानापेक्षा अवघड. आमच्या बोळात तीन घरं अशी आहेत जिथं फक्त म्हातारा-म्हातारी. मुलं बेंगळुरूला, न्यू जर्सीला, एक मेलबर्नला. पाणी वाढलं की तिकडून फोनचा पाऊस, आणि इथं टॉवर बंद. हायवे बंद झाला की पुण्याचा मुलगाही अमेरिकेतल्या मुलाइतकाच लांब. या घरांच्या किल्ल्या, औषधांची नावं आणि बाहेरगावच्या एका नातेवाइकाचा नंबर आमच्याकडे लिहून ठेवायचं, असं मी त्यांना भेटून विचारलं. दोन घरांनी लगेच दिलं. तिसऱ्या घरातल्या काकूंनी चहा दिला, किल्ली नाही दिली. पुन्हा जाईन.

आमच्याही घरचा बाहेरचा माणूस ठरला : नाशिकची मावशी. पुरात सगळ्यांनी एकमेकांना फोन लावत बसायचं नाही, प्रत्येकानं तिला एक मेसेज टाकायचा. फोन लागत नाही तेव्हाही साधा एसएमएस पुष्कळदा जातो. आणि बातमीसाठी फक्त जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि पाटबंधारेवाल्यांचं पातळीपत्रक. २०१९ ला 'धरण फुटलं'ची अफवा उठली की बायका पोरांना घेऊन जिने चढायच्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं धरण कुणी फुटू द्यायचं नाही, असा लेकीनं ठराव मांडला.

पाणी उतरल्यावरचं बोलायला कुणाला फारसा उत्साह नसतो, मला असतो, कारण ते काम बायकांवर पडतं. गाळ सुकू द्यायचा नाही. पाणी ओसरायला लागलं की त्याच पाण्यानं खराट्यानं गाळ बाहेर ढकलायचा. एकदा सुकला की कुदळ लागते. पण त्याआधी कपाट-दिवाणाखाली काठी फिरवायची, सापही माडी शोधत आलेले असतात. गमबूट, रबरी हातमोजे, चुना, ब्लीचिंग पावडर. पायाला जखम असेल तर चिखलात उतरायचं नाही, दूषित पाण्या-चिखलातून होणारा लेप्टोचा ताप साधा ताप म्हणून अंगावर काढायचा नाही. आणि झाडू मारायच्या आधी फोटो. गाळासकट.

एवढं सगळं होऊन खरं भांडण उरलंच होतं : कुठल्या आकड्याला कुणी निघायचं. मी कॅलेंडरच्या जुलैच्या पानामागे तीन ओळी आखल्या. पहिल्या ओळीवर एकमत झालं. ३८ ला भाऊजींचा माल हलायला सुरुवात, कारण ४२ नंतर टेम्पोवाला म्हणेल ती किंमत. शेवटच्या ओळीवरही झालं. ४५ ला घराला कुलूप, कुणीही मागे थांबायचं नाही. हा आकडा रात्रीतून येणार असं दिसत असेल तर उजेडातच निघायचं, आकड्याची वाट बघायची नाही.

मधली ओळ आई आणि आप्पांची. मी लिहिलं ४०. आप्पा म्हणाले, चाळीसला तर दरवर्षी जावं लागेल. म्हटलं, जाऊ, आत्याबाईंकडे दोन दिवस राहून येऊ, त्यांनाही बरं वाटेल. "तिला बरं वाटेल, मला नाही," आप्पा म्हणाले. त्यांनी ४४ मागितले. आई म्हणाल्या, मी ४० ला जाते, तुम्ही बसा पंचांग घेऊन. यावर आप्पा ४३ वर आले. यजमानांनी कोयनेचा विसर्ग धरून काही तरी तोंडी गणित केलं, भाऊजींनी ते खोडून काढलं, लेकीनं दोघांना २०१९ चे तासातासाचे आकडे दाखवले. चहा दोनदा झाला. शेवटी ४२ वर सौदा पटला, आप्पांच्या दोन अटींवर : आत्याबाईंच्या घरी टीव्हीचा रिमोट त्यांच्या हातात राहील, आणि पाणी ४२ ला न टेकता उतरलं तर पुढच्या पाडव्याला हा विषय काढायचा नाही. पहिली अट मी लिहून घेतली. दुसरीवर अजून बोलणी चालू आहेत.